अंगावरचा गहू

गिरणीवाल्या बाईला नाव नसतं. बदलापूरला बेलवलीत मी पंचवीसेक वर्षं पिठाची गिरणी चालवली, पण डबा घेऊन येणाऱ्यांपैकी माझं नाव किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे. सगळ्यांची मी 'गिरणीवाली मावशी'. दुकानाला पाटी असते, तशी आमच्या दारावरही होती. तिच्यावर एवढंच लिहिलं होतं, 'मिरची दळून मिळणार नाही'. तरी पावसाळ्याआधी रोज एखादी बाई मिरच्यांचा डबा घेऊन यायचीच आणि वर म्हणायची, "थोड्याच आहेत हो." थोड्या मिरच्या तिखट नसतात, अशी काहींची समजूत असावी.

या अंकाच्या संपादकबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "मावशी, गिरणीतल्या गमतीजमती लिहा." गमती भरपूर आहेत. एक निवृत्त साहेब होते. आपला चांगला गहू मी बदलून दुसऱ्याचा घालीन, या भीतीने ते दळण संपेपर्यंत पेटीवरची नजर हलवायचे नाहीत. पीठ उडून त्यांच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या, आणि घरी गेल्यावर बायको हसायची म्हणून ते माझ्यावरच चिडायचे. उल्हासनगरहून इकडे राहायला आलेल्या एक सिंधी बाई होत्या. त्यांना कोकीसाठी, म्हणजे त्यांच्या जाड रोटीसाठी, जाडसर पीठ लागायचं. "माई, आटा जाडा रखना, मेरे को पावडर नहीं चाहिये," असं त्या रस्त्यावरूनच ओरडत यायच्या. पण लिहायला बसले की या सगळ्यांना मागे सारून एकच पोर डोळ्यांपुढे येते. तेव्हा तिचंच लिहिते.

आधी गिरणीचं थोडं सांगायला हवं, कारण आताच्या मुलांना पीठ पिशवीत उगवतं असंच वाटतं. दोन दगड, एक मोटर आणि त्यांना जोडणारा पट्टा, एवढाच पसारा. वरच्या पत्र्याच्या पेटीत धान्य ओतायचं, ते दोन दगडांच्या मधे उतरतं आणि पीठ होऊन कापडी नळ्यातून खाली डब्यात पडतं. दगड फार जवळ आले तर पीठ करपतं, लांब गेले तर रवाळ पडतं, आणि हे सगळं आवाजावरून ओळखायचं. एकाचं दळण संपलं की थोडं पीठ आत राहतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं. त्याचं राहिलेलं त्याच्या पुढच्याला. याची कुणी तक्रार करत नाही, कारण सगळ्यांचंच थोडं जातं आणि सगळ्यांनाच थोडं मिळतं.

याला अपवाद फक्त उपासाच्या दळणाचा. आषाढी, नवरात्र, महाशिवरात्र आली की आदल्या दिवशी मी फळ्यावर लिहायची, 'उद्या उपासाचे दळण'. मग दगड उघडायचा, ब्रशने कानाकोपरा झाडायचा, कापडी नळा धुतलेला लावायचा, आणि पहिल्या दोन मुठी वरी दळून बाजूला टाकून द्यायची. गव्हाचा कण गेला तर उपास मोडायचा आणि पाप लागायचं मला.

नव्वद सालाच्या आगेमागे एक दिवस एक नवी बाई आली. चेहऱ्यावरून शिकलेली, सुती साडी चापूनचोपून नेसलेली, हातात तांदळाचा डबा. म्हणाली, "मावशी, उपासाचं दळण दर आठवड्याला मिळेल का?"

माझ्या तोंडाचा पट्टा मोटारीच्या पट्ट्याहून जोरात चालायचा. मी म्हटलं, "दर आठवड्याला? एवढ्या लहान वयात एवढं पाप केलंस तरी काय गं?"

ती हसायला गेली आणि एकदम रडायलाच लागली. मी मोटर बंद केली, तिला गोणीवर बसवलं, पाणी दिलं. तिचं नाव वंदना. नवरा अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात अधिकारी. पाच वर्षांची एकुलती मुलगी, केतकी. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, आणि स्वभाव असा की घरात कुणाला सुख नाही. वर्षभर जंतांची औषधं झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी उल्हासनगरच्या मुलांच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, तिथे नळी घालून तपासलं आणि निदान झालं. या मुलीला गहू चालत नाही. पोळी नाही, बिस्किट नाही, रवा नाही, शेवया नाहीत. चिमूटभरही नाही, आणि जन्मभर नाही.

मी आयुष्यात असलं काही ऐकलं नव्हतं. आमच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाला मिळायची, तीही निम्मी. त्या गव्हाने कुणी आजारी पडतं, हे मला खरंच वाटेना. पण त्या बाईचे डोळे खोटं सांगत नव्हते. मी म्हटलं, "सोमवारी सकाळी पहिलं दळण तुझं. रविवारी संध्याकाळी दगड उघडून झाडून ठेवीन."

सोमवारी वरच्या पाड्यावरची ठमी नाचणी घेऊन बाजाराला यायची. तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मंग माजी नाचनी फुडं घाल बाय. माज्या नाचनीनं तुजा दगूड चाटूनपुसून निंगंल, त्याच्या मागनं पोरीचा तांदूल दल." तेव्हापासून आधी ठमीची नाचणी आणि मग केतकीचे तांदूळ, असा क्रम पडला.

केतकी दुपारची माझ्याकडे थांबायला लागली ती अशी. तिची शाळा दुपारी सुटायची, आणि वंदना तेव्हा शिरगावला शिवणवर्ग घ्यायला जायची. एक दिवस तिने विचारलं, "तासभर बसली तर चालेल का?" तासाचे दोन कधी झाले, कळलं नाही. उलट्या घातलेल्या डब्यावर ती बसायची आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची चौकशी करायची. "तुमचा डबा चेपलेला का आहे?" "तुम्ही एवढं पीठ खाता?" त्या मिशीवाल्या साहेबांना तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही मावशीचे पोलीस आहात का?" त्या दिवसापासून साहेब डबा ठेवून घरी जायला लागले. नळ्यातून पडणाऱ्या कोमट पिठाखाली हात धरायला तिला फार आवडायचं. खायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती कधी खायचीही नाही. माझे दोन मुलगे याच गिरणीत वाढले, पण तेव्हा धंदा नवा होता, हप्ते डोक्यावर होते. पोरं केव्हा बोलायला लागली नि केव्हा लांब गेली, मला धड आठवत नाही. या मुलीचं मात्र सगळं आठवतं.

आता तिची दुसरी बाजू सांगते. वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता आणि बाईंनी तिच्याही हातावर एक बिस्किट ठेवलं. एकच. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात जी मुलगी आली, ती केतकी नव्हतीच. डोळ्यांखाली काळं, नजर कुठेतरी तिसरीकडे. मी "ये गं राणी" म्हटलं, तर किंचाळली. डबे ढकलून दिले. पाठीवरून हात फिरवला म्हणून माझ्या हातावर बोचकारलं. मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पोटाचं दुखणं नंतर यायचं, हे आधी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. लाडावलेलं कार्टं, एक धपाटा घातला की सुतासारखं सरळ येईल, असं मला वाटलं. वंदनाच्या सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं.

वंदना आली, एकदा पोरीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहीतरी पोटात गेलंय." ती ओरडली नाही की 'असं का वागतेस' म्हणून विचारलं नाही. खाली फरशीवर तिच्याशेजारी, तिला न शिवता, नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने पोरीनेच तिच्या मांडीवर डोकं टाकलं. वंदना मला म्हणाली, "मावशी, ही ती नाहीये. चार दिवस काढायचे, मग आपली केतकी परत येते. या चार दिवसांत ती जे करते ते तिच्या नावावर लिहायचं नाही." नंतर मीही तसंच करायला शिकले. समोर जाऊन बोलायचं नाही. भाताची पेज वाटीत ठेवून बाजूला व्हायचं. बोचकारलं तर हात मागे घ्यायचा आणि आपलं काम करत राहायचं. केसांना हात लावायचा नाही, त्या दिवसांत तिला कंगवाही सुईसारखा टोचायचा.

बिस्किटाचं कारण तरी सापडलं. पुढे मात्र कारण सापडेनासं झालं. घरात गहू नाही, पीठ झाडलेल्या दगडावरचं, शाळेत बाईंना बजावलेलं, आणि तरी आठवड्या-पंधरवड्याने पोर बिनसायचीच. डॉक्टरांनी विचारून विचारून हिंगाच्या डबीपर्यंत शोध नेला. हिंगात गव्हाचं पीठ कालवलेलं असतं, हे तेव्हा कळलं. वंदना त्या डबीवर महिनाभर चिडून होती. हिंग बंद केला, थोडा उतार पडला, पण पुरता नाही. इकडे शाळेत तिने एका मुलाला चावलं. बाई म्हणाल्या की पुन्हा असं झालं तर मुलीला घरीच ठेवावं लागेल. सासूबाईंनी तर गावी पाठवायचं ठरवूनच टाकलं होतं. "तिथे हवा बदलेल, चार माणसांत वळण लागेल." त्यांच्या गावी सकाळ-संध्याकाळ पोळ्या. वंदना मला म्हणाली, "मावशी, तिकडे नेलं तर माझी मुलगी मला परत मिळायची नाही." ती नुसती काळजीने वाळली होती.

अशातच माझी मोटर जळली. वाइंडिंगसाठी उल्हासनगरला दिली. त्या कारागिराचं उद्या काही उजाडेना. मी जायची, तो चहा पाजायचा आणि म्हणायचा, "माई, कल पक्का." गिरणी बंद. मी दगड-भिंती सगळं धुऊन काढलं आणि जन्मात पहिल्यांदा दुपारची रिकामी बसले. केतकी शाळेतून थेट मागच्या माझ्या खोलीत यायला लागली.

ते दिवस आठवले की आजही जीव कासावीस होतो. ती माझ्या चौकडीच्या पातळाचा पदर डोक्यावर घेऊन गिरणीवाली व्हायची आणि मी गिऱ्हाईक. "मावशी, जाड की बारीक?" मी तिला तांदळाची धिरडी करून द्यायची, ती मोजून खायची आणि एक जास्त मागायची. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. माझ्या हातांना तेव्हा पिठाचा वास नव्हता. तिच्या गालांवर मांस दिसायला लागलं. एकदाही चिडली नाही, एकदाही भिंतीकडे तोंड केलं नाही. शाळेतल्या बाईंनी वंदनाला थांबवून सांगितलं, "केतकी अगदी शहाणी झालीय हो." सासूबाईंचं गावचं बोलणं मागे पडलं. आम्हाला वाटलं, हिंगाचाच सगळा गुन्हा होता.

मोटर आली. पट्टा चढवला, आवाज ऐकून मला बरं वाटलं. केतकी आपल्या डब्यावर येऊन बसली आणि तिने कोमट पिठाखाली हात धरला. आठवडा गेला नसेल, तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

वंदना तिला घेऊन उल्हासनगरला डॉक्टरांकडे गेली. परत आली ती सरळ माझ्याकडे. पण आत येईना. दारात उभी राहिली, पाटी वाचली, पदराशी चाळा केला. म्हणाली, "पाऊस येईल वाटतं." आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

मी म्हटलं, "वंदना, बोल काय ते."

"डॉक्टरांनी विचारलं, बेटी दुपारला कुठे बसते?" ती म्हणाली.

मी आजूबाजूला पाहिलं. भिंती पांढऱ्या, पंखा पांढरा, विजेच्या दिव्यावर पांढरा थर. तिच्या डब्यावरही पीठ बसलेलं, आणि माझ्या अंगावर तर होतंच. श्वासातून, बोटांवरून, ओठांवरून ते तिच्या पोटात जात होतं. आम्ही इकडे सोमवारचा दगड चाटूनपुसून ठेवत होतो आणि बाकीचे दिवस पोरीला गव्हात बसवत होतो. बारा भानगडी शोधणाऱ्या आम्हा दोघींनाही हे सुचलं नव्हतं, कारण पीठ उडतं हे गिरणीत कुणाच्या नजरेलाच येत नाही.

"मावशी, तुम्ही रागावू नका. तुमच्यामुळे..." ती पुन्हा रडायच्या बेतात.

मी म्हटलं, "रडू नकोस. उद्यापासून तिला इथे आणायचं नाही. आणि माझ्याकडचं दळणही बंद कर." घरात ठेवायची छोटी विजेची गिरणी तेव्हा नुकतीच मिळायला लागली होती. आम्ही गिरणीवाले तिच्या नावाने बोटं मोडायचो. तीच मी वंदनाला घ्यायला लावली, कुठे मिळते तेही सांगितलं. माझ्या धंद्याच्या मुळावर येणारी वस्तू मी स्वतः शिफारस करून विकली, असं मी आमच्या ह्यांना सांगितलं, तेव्हा ते पोट धरून हसले होते. मला हसू आलं नाही.

केतकी बरी झाली. अगदी चांगली बरी झाली. शाळा राहिली, गाव टळलं. रोज दुपारी समोरच्या रस्त्याने आईचा हात धरून जायची, आणि मी पायरीवर उभी राहून हात हलवायची. पहिले काही दिवस ती हात हिसडून माझ्याकडे यायला बघायची. मग बघेनाशी झाली. एक दिवस पलीकडूनच ओरडली, "मावशी, तू माझ्याशी कट्टी केलीस?"

मी म्हटलं, "नाही गं बाई. माझ्या अंगावर गहू आहे."

ती थोडा विचार करून म्हणाली, "मग आंघोळ कर ना!"

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. शुक्रवारी वीज बंद असायची आणि गिरणीला सुट्टी. दर शुक्रवारी मी डोक्यावरून दोनदा पाणी घ्यायची, नखं कोरायची, वेगळ्या पेटीत ठेवलेलं पातळ नेसायची आणि तिच्या घरी जायची. ती दार उघडून आधी माझे हात उलटेसुलटे तपासायची, हुंगायची, आणि मग म्हणायची, "पास." तेव्हा कुठे मला मांडीवर ओझं मिळायचं. बाकीचे सहा दिवस शुक्रवारची वाट बघण्यात जायचे. माणसाला पिठाशिवाय दुसरं अंगच नसतं, असं वाटायच्या वयात मला ते एक दिवसाचं स्वच्छ अंग मिळालं होतं.

वर्ष-दीड वर्ष हे चाललं. मग केतकीच्या वडिलांची गुजरातेत बदली झाली. आता माझी गिरणी नाही, हेही नाहीत, दगड कुणीतरी बागेत बसायला नेले. रोजच मी स्वच्छ असते. दुपारी शाळा सुटायच्या वेळी अजून उगाच दाराशी जाऊन उभी राहते, आणि ती मुलगी आता चाळिशीकडे आली असेल हे स्वतःला समजावून आत येते. तिची इतकी आठवण येते की कधीकधी मांडी जड वाटते.

केतकीची माणसं गेली त्या दिवशी ट्रक दुपारी निघणार होता. गिरणी लवकर बंद करायची, नाहून धुऊन तिच्याकडे जायचं, असं मी ठरवलं होतं. पण सामान सकाळीच भरून झालं. माझ्याकडे ऐन गर्दी, कुणाचे तरी गहू चाललेले, आणि रस्त्यापलीकडे ट्रक येऊन उभा राहिला. वंदना आणि केतकी उतरल्या.

मी मोटर बंद करून पायरीवर आले. भुवयांपर्यंत पांढरी होते. "तिथेच थांबा गं," मी ओरडले, "मी आलेच आंघोळ करून."

"मावशी, वेळ नाही हो," वंदना म्हणाली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

तेवढ्यात केतकी आईचा हात सोडून धावत आली आणि मला बिलगली. तिचं तोंड माझ्या पदरात. मी दोन्ही हात वर धरले, पोलिसांनी पकडल्यासारखे. "वंदना, अगं धर हिला, ने हिला!"

वंदना रस्ता ओलांडून आली. मुलीला ओढून नेईल, असं मला वाटलं. ती जवळ येऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"धरा तिला, मावशी," ती म्हणाली.

"अगं, चार दिवस तुला त्रास..."

"काढीन मी चार दिवस. धरा."

मी हात खाली घेतले.